जुने फांदीकुट्टी यंत्र : कोणी घ्यावे, काय पाहावे?

पौष-माघात कापसाची शेवटची वेचणी संपली की, विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत शेतोशेती पऱ्हाट्यांचे ढीग दिसू लागतात. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत एप्रिलमधील खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर काड्यांची रास बांधावर जमते. सोलापूरकडे डाळिंबाच्या आणि कोकणात आंबा-काजूच्या फांद्यांची तीच कथा आहे. यांपैकी थोडा भाग चुलीस जातो. उरलेल्यास पुष्कळ ठिकाणी काडी लावली जाते. जी जमीन सेंद्रिय द्रव्यासाठी भुकेलेली आहे, तिच्याच बांधावर ते द्रव्य धूर होऊन जावे, ही गोष्ट कोणाही विचारी शेतकऱ्यास खटकल्याशिवाय राहणार नाही.

कापसाच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ खताचा नाही. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात पुन्हा पिकावर येते. म्हणून पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर महिनोनमहिने रचून ठेवणे म्हणजे शत्रूस घरात आसरा देण्यासारखे आहे. त्या वेळीच उपटून, बारीक करून, त्यांचे खत करणे हा सरळ मार्ग होय. पऱ्हाटी हे काही निरुपयोगी काडीकचऱ्यासारखे द्रव्य नाही. तिची घडण बरीचशी लाकडासारखी असून, मुंबई येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्या तुकड्यांपासून दाबफळ्या आणि जळणाच्या विटा तयार करण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. परंतु खत करावयाचे असो की जळण, पहिली पायरी एकच : लांब काडीचा बारीक तुकडा झाला पाहिजे.

हे काम करणाऱ्या यंत्रास बाजारात ‘चिपर’ किंवा ‘श्रेडर’ म्हणतात. येथे सोयीसाठी त्यास फांदीकुट्टी यंत्र म्हटले आहे. नवे यंत्र घेणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून त्याची नजर साहजिकच जुन्या यंत्राकडे वळते. या बाबतीत गावोगाव दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जुने यंत्र म्हणजे दुसऱ्याच्या घरची पीडा; त्याच्या वाटेस जाऊच नये. दुसरा पक्ष म्हणतो, लोखंड कोठे जुने होते काय? स्वस्त मिळाले, घेऊन टाकावे. ही दोन्ही मते अपुरी आहेत. जुने यंत्र चांगले निघू शकते, आणि पुष्कळदा निघते. मात्र ते एकट्याने घ्यावे की चौघांनी मिळून, याचा हिशेब आधी झाला पाहिजे. आणि ज्या यंत्राची संरक्षक झाकणे नाहीशी झाली आहेत, ते योग्य झाकणे बसविल्याखेरीज फुकट मिळाले तरी दारात आणू नये.

यंत्र कोणते, हे प्रथम ओळखावे

फांदीकुट्टी यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात जड पोलादी तबकडीवर किंवा ढोलावर धारदार पाती घट्ट बसविलेली असतात. ती एका स्थिर पात्यासमोरून वेगाने फिरतात आणि फांदीचे चकत्यांसारखे तुकडे पाडतात. जाड, सरळ लाकडास हा प्रकार चांगला. दुसऱ्या प्रकारात धारदार पात्यांऐवजी फिरत्या दांड्यावर झुलते हातोडे असतात. ते काडी कापीत नाहीत. ठेचतात व फोडतात. पऱ्हाटी, द्राक्षाची काडी, पालापाचोळा अशा मिश्र मालास हा प्रकार अधिक सोयीचा. काही यंत्रांत दोन्ही सोयी एकत्र असतात. आपल्याकडील माल कोणता, याचा विचार न करता समोर आले ते यंत्र घेतले, तर ते चांगले असूनही निरुपयोगी ठरते.

येथे एका घातक गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. घरी कडबाकुट्टी यंत्र आहेच, तेव्हा त्यातच चार फांद्या घालून पाहू, असे पुष्कळांस वाटते. कडबाकुट्टीची पाती ज्वारी-मक्याच्या मऊ ताटांसाठी केलेली असतात. लाकडाचा आघात त्यांस सोसत नाही. पाते तुटून उडाले, तर ते कोणाच्या अंगात शिरेल याचा नेम नसतो. कडबा कापणारे यंत्र कडब्यासाठीच ठेवावे, हे बरे.

यंत्र कशावर चालते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. काही यंत्रे ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यावर, काही स्वतःच्या डिझेल अथवा पेट्रोल इंजिनावर, तर काही विजेच्या मोटरीवर चालतात. तीन फेजची मोटर असलेले यंत्र स्वस्त मिळाले, पण शेतावर वीज मिळते ती थोडे तास आणि तीही अवेळी, अशी स्थिती असेल तर ते यंत्र रात्री चालवावे लागेल. रात्रीच्या अंधुक प्रकाशात हे काम करणे धोक्याचे आहे. ट्रॅक्टरवरील यंत्र घेताना त्यास लागणारी अश्वशक्ती आणि आपल्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती यांचा मेळ बसतो की नाही, ते पाहावे. मिनिटास 540 फेऱ्यांसाठी बनविलेले यंत्र 1000 फेऱ्यांच्या जोडणीवर कदापि चालवू नये. तसे केल्यास तबकडी फुटण्याचा संभव असतो.

किंमत म्हणजे केवळ विक्रेत्याचा आकडा नव्हे

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जुन्या यंत्रास अगदी लागू पडते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. समजा, विक्रेत्याने यंत्राचे 60,000 रुपये सांगितले. पात्यांचा नवा संच 6,000, बेअरिंगे 4,000, पट्टे 2,000, संरक्षक झाकणांची दुरुस्ती 5,000 आणि वाहतूक 3,000 रुपये, असा खर्च धरला, तर यंत्र कामास लागेपर्यंत 80,000 रुपये पडले. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव विचारून ते बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

आता हे यंत्र पाच वर्षे चालेल असे धरू. लहान शेतकऱ्याचे काम वर्षास 40 तासांचे असेल, तर पाच वर्षांत 200 तास होतील आणि यंत्राचा खर्च तासास 400 रुपये पडेल. डिझेल व मजुरी त्याहून वेगळी. अशा शेतकऱ्यास भाड्याचे यंत्र बहुधा अधिक परवडेल. परंतु असेच पाच शेतकरी एकत्र आले, तर पाच वर्षांत 1,000 तास काम होईल. काम वाढल्यामुळे पाती व बेअरिंगे पुन्हा बदलावी लागतील, त्यासाठी आणखी 40,000 रुपये धरले, तरी एकूण 1,20,000 रुपयांत 1,000 तास, म्हणजे तासास 120 रुपये पडतात. यंत्र तेच, गाव तेच. फरक पडला तो केवळ एकोप्याने.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने कर्ज काढून एकट्याने जुने यंत्र घेणे बहुधा शहाणपणाचे नाही. गट करावा, किंवा जवळच्या अवजारे बँकेकडून यंत्र भाड्याने घ्यावे. केंद्र शासनाच्या 2014-15 पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अशा भाडेकेंद्रांस आणि नव्या यंत्रांच्या खरेदीस साहाय्य मिळत आले आहे. जुन्या यंत्रासाठी अनुदान मिळेल, ही आशा मात्र कोणी धरू नये. म्हणून नव्या यंत्रास अनुदान मिळत असल्यास ते वजा जाता राहणारी किंमत आणि जुन्या यंत्राची दुरुस्तीसह किंमत, या दोहोंची तुलना खरेदीपूर्वीच करावी. कधीकधी हा फरक अपेक्षेहून फार थोडा निघतो.

रंगावर भुलू नये

जुन्या यंत्रास नवा रंग दिलेला दिसला, तर आनंद मानण्यापेक्षा अधिक सावध व्हावे. रंगाखाली तडा लपतो. तबकडी अथवा ढोल, आणि विशेषतः पात्यांच्या बोल्टांची छिद्रे, हा यंत्राचा प्राण होय. तेथे तडा असल्यास सौदा तेथेच संपवावा; वेल्डिंग करून भागेल असे विक्रेता सांगेल, पण वेगाने फिरणाऱ्या जड तबकडीच्या बाबतीत हा उपाय नव्हे.

तडा ओळखण्याची एक साधी रीत गावातही करता येते. यंत्र पूर्ण बंद करून, तबकडी फिरणार नाही अशी अडकवून, संशयित जागेवरील रंग व गंज तारेच्या ब्रशाने काढावा. तेथे डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून वर खडूची पातळ पूड लावावी. तडा असल्यास आत शिरलेले डिझेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. ही परीक्षा प्रयोगशाळेतील तपासणीइतकी बारीक नसली, तरी डोळ्यांस न दिसणारे अनेक दोष तीत उघडे पडतात.

पात्यांकडे पाहताना धार बोथट आहे की नाही एवढेच पाहू नये. धार पुन्हा लावता येते. पुन्हा धार लावण्याइतके लोखंड उरले आहे काय, सर्व पाती सारख्या मापाची व वजनाची आहेत काय, हे पाहावे. एक पाते जड आणि दुसरे हलके असेल, तर तबकडीचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंग लवकर जाते. गावातील लोहाराने मोटारीच्या कमानपट्टीपासून घडविलेली पाती काही यंत्रांत बसविलेली आढळतात. लोहाराच्या कसबाविषयी शंका नाही. परंतु पाणी कमी-अधिक बसलेले पोलाद एकतर वाकते किंवा काचेसारखे तुटते. अशी पाती काढून मूळ मापाची, खात्रीची पाती बसविण्याचा खर्च किमतीत धरावा. पात्यांचे बोल्टही साधे चालत नाहीत. माथ्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असलेले, यंत्राच्या निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच बोल्ट असावेत.

बेअरिंगची परीक्षा दोन वेळा करावी. यंत्र बंद असताना दांडा वर-खाली, आजूबाजूस हलवून पाहावा. तो खुळखुळू नये. मग यंत्र पंधरा-वीस मिनिटे रिकामे चालवावे आणि पूर्ण थांबल्यानंतर बेअरिंगच्या घरावर हात ठेवावा. हात ठेवणे सोसत नसेल इतके ते तापले, तर बेअरिंग गेले असे समजावे किंवा दांडा वाकला असल्याचा संशय घ्यावा. इंजिनाचे यंत्र असेल, तर विक्रेत्याने ते आधी गरम करून ठेवू नये, अशी अट घालावी. थंड इंजिन किती सहज सुरू होते, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे पाहिल्याशिवाय त्याची प्रकृती कळत नाही. निळसर धूर सतत येत राहिल्यास इंजिन वंगण तेल जाळीत आहे, हे ओळखावे.

शेवटी माल घालून परीक्षा करावी. आणि तो माल विक्रेत्याचा नसावा, आपला असावा. आपल्या शेतातील वाळलेली पऱ्हाटी, ओली फांदी आणि यंत्रास झेपेल अशी जाडात जाड काडी सोबत न्यावी. निदान अर्धा तास काम चालू द्यावे. पात्यांच्या यंत्रातून तुकडे स्वच्छ कापलेले निघाले तर ठीक. धागे-धागे आणि भुसा अधिक निघत असेल, तर पाती बोथट आहेत किंवा स्थिर पात्याशी त्यांचे अंतर वाढले आहे. हे अंतर सामान्यतः एक-दोन मिलिमीटरच असते. ते जुळविता येत नसेल, तर स्थिर पाते झिजले आहे असे समजावे.

सौदा ठरल्यावर पावती घेण्यास संकोच करू नये. पावतीवर यंत्राचा व इंजिनाचा क्रमांक, विक्रेत्याचे नाव आणि रक्कम असावी. यंत्र कर्जावर घेतलेले असल्यास त्यावर बँकेचा बोजा नाही, याची खात्री करावी. ज्या यंत्राची पाती व बेअरिंगे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बाजारात मिळत नाहीत, ते कितीही स्वस्त असले तरी एका मोसमाचे पाहुणे समजावे.

झाकण नसलेले यंत्र नको

यापुढील गोष्ट पैशाच्या हिशेबात बसत नाही, म्हणूनच ती शेवटी पण ठामपणे सांगितली पाहिजे. जुन्या यंत्रांत सर्वांत आधी नाहीसे होते ते संरक्षक झाकण. दुरुस्तीच्या वेळी ते काढले जाते, अडचणीचे वाटते म्हणून कोपऱ्यात टाकले जाते, आणि पुढे भंगारात जाते. यंत्र त्यावाचून चालते, म्हणून ते अनावश्यक आहे असा समज होतो. पण मिनिटास 540 फेऱ्या म्हणजे सेकंदास नऊ फेऱ्या. पी.टी.ओ. दांड्यास धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर लागला, तर ‘बंद करा’ असे ओरडण्यापूर्वीच तो नऊ वेढे घेतो. मालाच्या तोंडाची लांबी कमी केलेली असेल, तर हात सहज पात्यापर्यंत पोहोचतो. शिवाय यंत्र बंद केल्यावरही जड तबकडी आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहते. आवाज कमी झाला म्हणून झाकण उघडणाराचा हात तेव्हाच सापडतो.

शेतीयंत्रांनी शेतमजुरांचे हात जाण्याचे प्रकार आपल्या देशास नवे नाहीत. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळे 1983 साली संसदेस ‘धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम’ संमत करावा लागला. मळणीयंत्राने शिकविलेला तो धडा फांदीकुट्टी यंत्राकडून पुन्हा शिकण्याचे कारण नाही. बहुतेक ठिकाणी यंत्र घेणारा एक असतो आणि त्यात फांदी घालणारा दुसरा. पैसे वाचतात ते मालकाचे, आणि हात जातो तो मजुराचा. हा व्यवहार कोणत्याही अर्थाने स्वस्त म्हणता येणार नाही.

म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात : पी.टी.ओ. दांड्यावरील नळीसारखे आवरण शाबूत आहे. पट्टे व पुली झाकलेली आहेत. मालाचे तोंड हाताच्या लांबीपेक्षा अधिक खोल आहे. आणि माल ओढणारे रूळ असल्यास ते थांबविण्याचा अथवा उलट फिरविण्याचा दांडा खरोखर चालतो. यांपैकी जे नसेल, ते योग्य कारागिराकडून बसवून घेतल्याशिवाय पहिली काडीही आत घालू नये. काम करताना कपडे अंगाबरोबर असावेत, डोळ्यांवर चष्मा असावा, सैल हातमोजे नसावेत, आणि अडकलेली फांदी हाताने नव्हे तर लाकडी काठीने लोटावी. तीही न हलल्यास यंत्र बंद करून, तबकडी पूर्ण थांबल्यावर, इंजिनाची किंवा मोटरीची जोडणी सोडवूनच आत हात घालावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

अशा खरेदीत गावातील कार्यकर्त्याने दलाल होऊ नये आणि नुसता उपदेशकही होऊ नये. त्याने तीन कामे केली तरी पुष्कळ होईल. कोणाकडे किती तासांचे काम आहे याची यादी करून शेतकऱ्यांना एकत्र बसवावे. खरेदीच्या वेळी जाणत्या कारागिरास सोबत घेऊन जाण्याचा आग्रह धरावा. त्याची एका दिवसाची मजुरी हा या व्यवहारातील सर्वांत फायद्याचा खर्च होय. आणि यंत्र आल्यावर पहिल्या दिवशी ते कसे चालवावे व कसे थांबवावे, हे मालकासच नव्हे, तर त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषास दाखवून द्यावे.

निघालेल्या तुकड्यांविषयीही त्याने दोन शब्द सांगावेत. ताजे लाकडी तुकडे जमिनीत सरळ गाडले, तर ते कुजताना जीवाणू जमिनीतील नत्र वापरून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून ते शेण, शेणकाला किंवा थोडा युरिया मिसळून, ओलावा राखून कुजवावेत. अथवा फळझाडांच्या आळ्यात वरच्यावर आच्छादन म्हणून पसरावेत. कीड असलेल्या पऱ्हाटीचे तुकडे मात्र आच्छादनास न वापरता नीट कुजवूनच वापरावेत.

लहान शेतकऱ्याजवळचा पैसा थोडा असतो. म्हणूनच तो चुकण्यास मोकळा नसतो. त्याने जुने यंत्र घेऊ नये असे नाही. ते शेजाऱ्यांसह, हिशेब करून, खडू-डिझेलाची परीक्षा घेऊन, आपली पऱ्हाटी त्यात घालून पाहून घ्यावे. आणि झाकणाविषयी विक्रेता ‘ते काय, नसले तरी चालते’ असे म्हणू लागला, तर त्यास रामराम करून घरी परतावे. यंत्र पुढच्या मोसमात दुसरे मिळेल; हात दुसरा मिळत नाही.